मिसाक

"उभं राहून बोलायचं की बसून?" आगावनीने विचारलं.

"बसूनच, आजी," बार्केव म्हणाला. "मी शेजारी आहे. तू आपल्या भाषेत बोल, मी त्यांना फ्रेंचमध्ये सांगतो."

त्या फ्रेंच गावाच्या नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या. हद्दपार करून मारल्या गेलेल्या आर्मेनियन लोकांसाठी चौकात एक दगड उभारायचा होता आणि त्यावर 'वंशसंहार' हा शब्द कोरायचा होता. 'हत्याकांड' नाही, 'दुःखद घटना' तर नाहीच. त्या एका शब्दासाठी बार्केव कित्येक वर्षं शाळा सुटली की दारोदार सह्या मागत हिंडला होता. "झालं ते झालं, गुरुजी. राहू द्या की आता," हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. आज मतदान होतं. आणि ते सगळं डोळ्यांनी पाहिलेली, गावात उरलेली एकटी त्याची आजीच.

स्मारक समितीचे अध्यक्ष ओनिक, पेशाने शिंपी, तिच्या कानाशी वाकले. "मावशी, थोडक्यात हं. रस्ता, नदी, अनाथाश्रम. बस."

"कोटाची मापं घे बाबा, माझ्या आयुष्याची नको," आगावनी म्हणाली. मागच्या रांगांतले आर्मेनियन लोक हसले.

"काय म्हणाल्या?" नगराध्यक्षबाईंनी विचारलं.

"काही नाही, मादाम. घरातलंच."

मग ती बोलली. तिच्या खारपेर्त गावातून हाकलून दिलेल्या माणसांची रांग, चपला आधी संपल्या की पाणी ते आठवत नाही म्हणाली. आई बसली ती उठली नाही. धाकटी बहीण नदीपाशी हातातून सुटली. बार्केव वाक्यामागून वाक्य फ्रेंचमध्ये ठेवत गेला. पुढच्या बाकावरच्या एका सदस्याने चष्मा काढून डोळे पुसले. विरोधात मत देणार म्हणून ज्यांची भीती होती ते पेरू नावाचे म्हातारे सदस्यही पुढे वाकून ऐकत होते.

"पण मग बाई, तुम्ही वाचलात कशा?" त्यांनीच विचारलं. प्रश्नात खोच नव्हती.

बार्केवने तो तिला सांगितला.

"एका अरबाने मला उचलून नेलं. मेंढ्या होत्या त्याच्या. भाकरी दिली. मी न्हाती झाले तेव्हा त्याने मला बायको केलं. मला कुणी विचारलं नाही. पण माणूस वाईट नव्हता. मला मुलगा झाला. ते लोक त्याला खलफ म्हणत. मी त्याच्या कानात मिसाक म्हणायचे. माझ्या वडिलांचं नाव. मग अनाथाश्रमाच्या बाया आमच्या मुली शोधत आल्या. म्हणाल्या, तू चल, पोर त्यांचं आहे. मी गेले."

मागच्या रांगेत बार्केवचे वडील खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. ती बांधलेलीच होती. लहानपणी बार्केवने एकदा जेवताना विचारलं होतं, आजी मेणबत्ती लावताना मिसाक मिसाक का म्हणते? वडिलांनी फाडकन थोबाडीत दिली होती. पुन्हा त्याने विचारलं नाही.

"एका भटक्या कुटुंबाने तिला आसरा दिला," बार्केव फ्रेंचमध्ये म्हणाला. "पुढे अनाथाश्रमाच्या बायकांनी तिला सोडवलं."

"एवढंच?" नगराध्यक्षबाई म्हणाल्या. "बराच वेळ बोलत होत्या त्या."

"एवढंच, मादाम."

अर्ध्या सभागृहाला दोन्ही भाषा येत होत्या. कुणी त्याचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

हात वर झाले. पेरूंचाही झाला. टाळ्या वाजल्या, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ओनिकनी बार्केवचा खांदा दाबला.

"शाब्बास. बरं झाकलंस. 'माणूस वाईट नव्हता' एवढंच उचललं असतं कुणी. आणि आपल्यालाही तोंड दाखवायचं असतं रे गावात."

तोवर बार्केव स्वतःला सांगत होता की हे आपण ठरावासाठी केलं. ओनिकच्या तोंडचं 'झाकलंस' ऐकलं आणि त्याचे कान तापले.

आगावनीने त्याची बाही ओढली.

"मिसाकचं नाव आलं नाही."

तो तिची काठी शोधायला खाली वाकला.

"मला फ्रेंच कळत नाही. पण मी कान देऊन बसले होते." तिच्या आवाजात राग नव्हता. "नावालाही वेगळा शब्द असतो का रे त्यांच्याकडे?"

"नसतो, आजी."

तो वळला. नगराध्यक्षबाई कागद आवरून उठत होत्या.

"मादाम, माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली."

"ठराव झाला की, गुरुजी," त्या हसून म्हणाल्या. "राहू द्या आता."

"नाही. राहिली नाही. मी ती गाळली."

"बार्केव!" मागून ओनिक ओरडले. दाराकडे निघालेले लोक थांबले. वडिलांनी मान वर केली नाही.

"त्या अरबाने तिला बायको केलं होतं," बार्केव म्हणाला. "तिला तिथे एक मुलगा झाला. तो तिला तिथेच सोडावा लागला. मिसाक." मग त्याने वडिलांकडे पाहिलं. "माझे काका."

नाव ऐकताच आगावनीने मान वळवली.

नगराध्यक्षबाई पुन्हा खाली बसल्या. मग कुणीही विचारील तेच त्यांनी विचारलं, "आता कुठे असतात ते?"

बार्केव आजीसमोर गुडघ्यावर बसला. हा प्रश्न त्यांच्या घरात तिला कुणीच कधी विचारला नव्हता.

"आजी, त्या विचारतात, मिसाक कुठे आहे?"



"मी निघाले तेव्हा झोपला होता," ती म्हणाली.

बार्केवने ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं.