सिन्नेचा नकाशा

मुलांना गावात कुठे भीती वाटते हे कळावं, म्हणून नगरपालिकेने शाळेत प्रत्येकाला गावाचा नकाशा आणि पाच लाल टिकल्या दिल्या होत्या. बहुतेकांनी त्या बोगद्यावर, फ्योर्डच्या खाडीवरच्या धक्क्यावर, बसच्या वळणावर चिकटवल्या. आठ वर्षांच्या सिन्नेच्या नकाशावर एकच टिकली होती, तिच्याच घरावर. बालसुरक्षा आराखडा लिहिणारी ओडनी सकाळपासून तोच कागद घेऊन चुळबुळत होती. "अगं, काढून टाक ती," तिचा सहकारी स्टाइनार म्हणाला. "आराखड्यात रस्ते येतात, लोकांची घरं नाहीत. पोरीचा हात चुकला असेल." "आणि बाकीच्या चार?" "हरवल्या असतील. माझा लेक रोज एक हातमोजा हरवून येतो." ओडनीने टिकलीखाली नख घातलं. ती सुटली, तर खाली दुसरी निघाली. दुसरीखाली तिसरी, चौथी, पाचवी. बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावत ती म्हणाली, "एकही हरवलेली नाही रे."