सतरा नंबरची बाई

“ही सतरा नंबरची बाई कोण आहे?” खेर सरांनी विचारलं.

स्वानंदीनं वाकून पान पाहिलं. एकशे दहा पानांचा प्रबंध, चाळीस बायकांच्या मुलाखती, आणि सरांचं बोट नेमकं तिथंच थांबलं होतं.

“नाव देत नाही ना सर आपण. नुसता नंबर देतो.”

“बाहेरच्यांना देत नाही. गाइडला देतात.”

डॉ. श्रीपाद खेर म्हणजे विभागातलं मोठं प्रस्थ. ‘नोकरदार बायका आणि घरातले निर्णय’ हा विषय त्यांनीच स्वानंदीला दिला होता. महिला दिनाला जबलपुरातल्या निम्म्या कॉलेजांत त्यांचं भाषण असे, आणि समोरच्या बायका चक्क डोळे पुसत. त्यांच्या हाताखाली एमए केलेल्याला पुढं कुठं अडत नसे. स्वानंदीलाही हैदराबादला पीएचडीची जागा मिळाली होती. फक्त या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती.

सरांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं. “‘बदलीची ऑर्डर आली की पोरीला घेऊन निघून जाईन. त्यांना गाडी सुटल्यावरच कळेल.’ प्रबंध हिंदीत. एकोणचाळीस बायका हिंदीत बोलतात. मग हीच एक मराठीत कशी?”

“ती... मराठी आहे सर.”

“अच्छा. नर्स, राहणार अधारताल. कोणत्या दवाखान्यात?”

“फॉर्म बघून सांगते सर.”

“उद्या रविवार आहे,” सर शांतपणे म्हणाले. “मूळ फॉर्म घेऊन घरी ये. सगळ्यांच्या सह्या असतील ना त्यांवर? मग आपण दोघं अधारतालला जाऊन येऊ.”

बाहेर पायऱ्यांवर मीरा बसली होती. दोघी पहिल्या वर्षापासूनच्या मैत्रिणी.

“काहून इतकी घाबरून राहिली? चेहरा बघ तुझा.”

स्वानंदीनं झालेलं सांगितलं. मीरानं कपाळावर हात मारला. कँटीनमध्ये समोसा खाता खाता दहा-दहा फॉर्म स्वतःच भरून टाकायचे, हा विभागातला जुना रोग होता. कोणी पकडलं जात नसे एवढंच.

“म्हणजे सतरा नंबर तू घरीच भरला?”

स्वानंदी पिशवीत स्कूटीची किल्ली शोधू लागली.

“यार, मग मान्य करून टाक. एक वर्ष जाईल, अजून काय?”

“आणि हैदराबाद?”

“ते तर गेलंच समज.”

चेरीतालला घरी जाताना तिला स्वतःचाच राग येत होता. एकोणचाळीस जणींच्या दारात ती उन्हातान्हात स्कूटी घेऊन गेली होती. सतरा नंबरसाठी मात्र तिला वणवण करावी लागली नव्हती. ते एक वाक्य हिंदीत लिहिलं असतं तर कोणाचं लक्षही गेलं नसतं. पण मराठीत ते असं चपखल बसलं होतं की तिला मोह आवरला नाही. हौस नडली, दुसरं काय!

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आई देवळात गेल्यावर तिनं सतरा नंबरचा फॉर्म गॅसवर धरला. राख सिंकमध्ये टाकून नळ सोडला.

नेपियर टाउनला सरांच्या घराचं दार त्यांच्या बायकोनं, राजश्रीकाकूंनी उघडलं. रविवार, म्हणून काकूंना ऑफिस नव्हतं. सरांची छोटी यशश्री आत कुठंतरी पाढे म्हणत होती. काकूंनी पोह्यांच्या दोन बशा आणून ठेवल्या.

“काकू, तुम्ही?”

“ती नंतर खाते,” सर म्हणाले. “दाखव फॉर्म.”

ते एकेक फॉर्म उचलून नंबर वाचू लागले. चौदा. पंधरा. सोळा. अठरा. तिथं थांबले. काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या.

“सतरा कुठाय?”

इथून पळून जावं असं स्वानंदीला वाटलं. पण पळून तरी कुठं जाणार?

“सर, सतरा नंबर नाहीच. मी बनवली.”

“बनवली?”

“चाळीसला एक कमी पडून राहिली होती. घरी बसून लिहून काढली. म्हणून तर ती मराठीत बोलली सर. मला जशी सुचली तशी.”

सरांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. तिला वाटलं, आता हे ओरडतील. पण सरांचे खांदे सैल झाले. ते हसले, आणि त्यांनी पोह्यांची बशी ओढून घेतली.

“मला शंका होतीच. अशा बायका कादंबरीत असतात. देख बेटा, संशोधनात लबाडी मला चालत नाही. लिहून दे.”

तिनं लिहून दिलं. ‘उत्तरदात्री क्रमांक सतरा काल्पनिक आहे.’ खाली सही केली. सरांनी कागद वाचला, घडी घालून खिशात टाकला. प्रबंध रद्द. हैदराबादला ते स्वतः कळवणार होते. हे सगळं त्यांनी पोहे खाता खाता सांगितलं, आणि लिंबू अजून हवं होतं असंही म्हणाले.

स्वानंदी फाटकापर्यंत आली तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. पाच वर्षांची मेहनत एका सहीनं पाण्यात गेली होती. आईला काय सांगायचं, हेही ठरलं नव्हतं.

“राजश्री, फाटक लावून घे,” आतून सरांचा आवाज आला.

काकू आल्या. कडी सरकवता सरकवता, मान वर न करता, अगदी हळू म्हणाल्या, “ऑर्डर परवाच आली, स्वानंदी. उद्या ते कॉलेजला गेले की यशश्रीला घेऊन निघून राहिली मी.”