वाढदिवसाचं सूप

कोरियात शिकवायला आल्यावर एक रीत मी पक्की लक्षात ठेवली होती: वाढदिवसाच्या सकाळी समुद्री शेवाळाचं सूप हवंच. घरमालकिणीची मुलगी दा-ओन माझीच विद्यार्थिनी. तिचा वाढदिवस नेमका कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेच्या दिवशी आला आणि घरात सूप शिजताना दिसेना, म्हणून ते मीच केलं.

वाटी बघून तिची आई पांढरीफटक पडली. "टीचर, परीक्षेला जाताना कुणी असलं बुळबुळीत खायला देतं? परीक्षेत घसरलीच म्हणायची पोरगी. इतक्या वर्षांचा अभ्यास गेला."

मी वाटी उचलणार, तोवर दा-ओनने ती पुढ्यात ओढली. तळ दिसेपर्यंत तिने चमचा खाली ठेवला नाही.

दारात बूट चढवून ती माझ्यासमोर कमरेत वाकली आणि आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,


"थँक्यू, टीचर. आता मार्क कमी पडले तर आई मला नाही, तुम्हाला बोलेल."