अडथळ्याचं घर

"मॅडम, तुमचं ते कापड कुठंय आज?" टॅरोच्या टेबलाशी बसता बसता मुरकुटेकाकांनी विचारलं.

हेमांगी ओशाळली. भूत, भविष्य, अडथळा अशी घरं आखलेल्या त्या कापडावर सकाळीच चहा सांडला होता. गेले चार गुरुवार काका एकच प्रश्न घेऊन येत होते: हास्यक्लबातल्या कामतबाईंना लग्नाचं विचारू का? आणि अडथळ्याच्या घरातलं कार्ड बघून दर वेळी हिरमुसून परतत होते.

आज तिने कार्डं नुसतीच पसरली. "यातलं कुठलं खुणावतंय?"

काकांनी पेले घेऊन समोरासमोर उभं असलेलं जोडपं उचललं आणि चक्क लाजले. हेमांगी कार्डाऐवजी त्यांच्याकडेच बघत राहिली.

"विचारून टाका, काका!"

"आणि अडथळा?"

तिने गॅलरीतल्या दोरीकडे बोट दाखवलं. "धुऊन वाळत घातलाय."