विहीणबाईंशी इंग्रजीत

टेलरकाकूंच्या तोंडात चार टाचण्या होत्या आणि दुकानाच्या दारात होणाऱ्या विहीणबाई उभ्या होत्या.

त्या रविवारी यायच्या होत्या. आज शुक्रवार. पण फोटोत पाहिलेला तोच उंच बांधा, तेच आखूड पांढरे केस. काकूंनी टाचण्या हातावर काढल्या, गळ्यातली टेप सावरली आणि तीन महिन्यांचं इंग्रजी जिभेवर गोळा करायला लागल्या.

लेकीनं लग्न ठरवलं होतं दुसऱ्याच भाषेच्या घरात. त्यांच्याशी बोलायचं तर इंग्रजीतच. मग रोज संध्याकाळी लेक शिकवायला बसायची. काकू काजं करता करता वाक्यं घोकायच्या आणि लेक चुका उसवायची.

"आई, ‘आय ॲम हॅविंग वन डॉटर’ नाही गं. ‘आय हॅव’!"

"अगं, पण एकच आहे ना?"

काल तर लेक वैतागून म्हणाली होती, "त्यांच्यासमोर माझी फजिती करू नकोस, म्हणजे मिळवली." ते काकूंना फार लागलं होतं.

"गुड मॉर्निंग," काकू म्हणाल्या. दुपारचे चार वाजले होते. "मायसेल्फ मदर." ही चूक लेकीनं शंभरदा सुधारली होती. ती झाकायला काकूंनी घाईघाईनं ठेवणीतला वाक्प्रचार काढला, "लाँग टाइम नो सी!"

खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाला तसं म्हणतात. या दोघी जन्मात पहिल्यांदा भेटत होत्या.

काकूंनी स्टूल पुढे सरकवलं. "ब्रेक अ लेग!" शुभेच्छा देताना असं म्हणायचं, एवढंच त्यांना आठवत होतं. विहीणबाईंनी वाकून स्टुलाचे चारही पाय हलवून पाहिले, तेव्हा कुठे काकूंना ‘लेग’चा अर्थ आठवला.

झालं. लेकीची फजिती व्हायची ती झाली.

विहीणबाईंनी स्टुलावर बसून पर्समधून एक चिठ्ठी काढली. ओठ हलवत वाचली. डोळे मिटले आणि वर्गात कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात चक्क मराठीत म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा मुलगी माझ्या डोक्यात गेली!"

काकू एक पाऊल मागे सरल्या. डोक्यात गेली? इतका संताप आणला पोरीनं? लग्न मोडायला आल्या की काय?

पण डोळे उघडून विहीणबाई तर पहिला नंबर आल्यासारख्या हसत होत्या. काकूंनी त्यांच्या हातातली चिठ्ठी घेतली. इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं. वर लिहिलेलं, ‘मनात भरली’. खाली ‘डोक्यात गेली’वर भली मोठी फुली, आणि शेजारी, ‘हे चुकूनही म्हणायचं नाही!!’

अक्षर लेकीचं होतं.

काकूंनी फुलीवर बोट ठेवलं. विहीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि कळवळून म्हणाल्या, "ती मला रोज ओरडतो!"

"मलापण!" काकू किंचाळल्या. मग दोघी अशा काही हसत सुटल्या की शेजारचा चष्मेवाला बघायला आला. विहीणबाई स्टुलावरून घसरता घसरता वाचल्या. काकूंच्या हातातल्या टाचण्या कधीच जमिनीवर पांगल्या होत्या.

"आणि ‘तुमचा मुलगी’ नाही हो," डोळे पुसत काकू म्हणाल्या.

विहीणबाई सावरून बसल्या. "तुमची?"

"तेही चूक," काकू म्हणाल्या. "आपली."