उसना व्यायाम

“बाळंतिणीनं सव्वा महिना खाट सोडायची नाही,” कमलिनीबाईंनी फिजिओथेरपिस्टला ठणकावलं होतं. त्यावर तिनं दोन पट्टे काढून दिले. एक कमरेला बांधून घरातल्या कुणीही व्यायाम करायचा, की दुसरा बांधलेल्या बाळंतिणीचे स्नायू बळकट होतात. मग काय, सासूबाईंनीच पदर खोचला. रोज सकाळी त्या चटईवर ओटीपोट आवळून दहापर्यंत आकडे म्हणत आणि सून ऋजुता खाटेवर डिंकाचा लाडू खात पडून राही.

आज सव्वा महिना संपला. ऋजुताचे स्नायू ठणठणीत निघाले. “आता तुमचेही बघू,” थेरपिस्ट म्हणाली.

“माझं मेलीचं काय बघायचंय?” असं म्हणता म्हणता कमलिनीबाईंना जोरात शिंक आली. धाकट्याच्या जन्मापासून, म्हणजे गेली तीस वर्षं, शिंक आली की त्या मटकन खाली बसत आणि मग गुपचूप साडी बदलायला आत जात. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज त्या उभ्याच राहिल्या. क्षणभर अंदाज घेतला. साडी कोरडी होती.

“ऋजुता,” त्या म्हणाल्या, “पट्टे परत द्यायची घाई नको. तू अजून सव्वा महिना पडून राहा.”