चार बोटं उंच फरशी

पलूसच्या नाथाजींनी महिनाभर दुकानं पालथी घालून गॅरेजसाठी ग्रॅनाइट निवडलं आणि मिस्त्री नको म्हणत असताना जुन्या कोब्यावरच बसवून घेतलं. जमीन चार बोटं वर आली आणि नव्या गाडीचं टप शटरला अडायला लागलं.

माणसं बसली की गाडी दबते, म्हणून लीलाबाई आणि दोन्ही सुना मागं बसल्या. तरी बोटभर कमीच पडलं.

“आवं, भावजींना बोलवा,” लीलाबाई म्हणाल्या. “एकशेदहा किलोचा माणूस हाय.”

शेजारच्या घरातल्या धाकट्या भावाशी, हिंदुरावाशी, नाथाजी बांधाच्या भांडणापासून नऊ वर्षं बोलले नव्हते. पण आभाळ गारांनी भरून आलं होतं. त्यांनी कुंपणावरून हाक मारली. हिंदुराव आला, पुढच्या सीटवर बसला आणि गाडी सुळकन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव अंघोळ करून, इस्त्रीची कापडं घालून गॅरेजपुढं हजर.

“दादा, गाडी भायेर काढाया मी लागंलच की. कुठं जायचंय?”



कुठंच जायचं नव्हतं. तरी नाथाजी किल्ली आणायला आत गेले.